सत्तेचाळिसाव्या पानावरचं नाव

१ मार्च, सोमवार

जावयाने त्याच्या कंपनीची डायरी दिली होती. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून दर पानाच्या डोक्यावर एक बारीकशी लिफ्ट छापली आहे. पहिल्याच पानावर मला छपाईच्या दोन चुका सापडल्या. त्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि डायरी कपाटात टाकली. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या, समासात खुणा करायच्या. स्वतः लिहायची खोड मला नाही. उभ्या जन्मात एकच ओळ लिहिली, ती छापली गेली, आणि आज तीच मानगुटीवर येऊन बसली. म्हणून ही डायरी परत बाहेर काढली. कुठेतरी बोलायला हवं ना माणसाने.

झालं असं. लेक बाळंतपणानंतर आमच्याकडेच आहे. दुपारच्या चहाला म्हणाली, "आई, बाबा, नाव ठरलं बरं का." मांडीवर छोटे सरकार झोपले होते. मी म्हटलं, "सांग सांग." तिने सांगितलं आणि माझा चहा नाकात गेला. ठसका असा लागला की सरकार दचकून उठले. आमची ही आत गेली आणि घासून पालथं घातलेलं पातेलं परत घासायला लागली.

"कसं आहे?" लेकीने विचारलं.

"गरम होता."

"चहा नाही हो बाबा, नाव!"

"बरं आहे."

"नुसतं बरं? अर्थ तर ऐका. 'दूर जाऊनही परत येणारा, घराचा दिवा उजळणारा.' बारा दिवस काचेच्या पेटीत होता हा. रोज संध्याकाळी त्याला तिथे ठेवून निघताना मी एवढंच म्हणायचे, परत ये रे बाबा. आणि आला! याच्यासाठीच बनवलंय हे नाव."

बनवलंय हे खरं. मीच बनवलंय.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं त्याचं काय झालं ते बघतोच आहे.

२ मार्च, मंगळवार

एकदा सगळं सरळ मांडून ठेवतो, म्हणजे मलाही कळेल की गुन्हा केवढा आहे.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या छापखान्यात 'मुलामुलींची नावे' असं एक शहाण्णव पानी पुस्तक आलं होतं. तीन रकाने: नाव, अर्थ, मूळ. एका निवृत्त मास्तरांनी जमवलेलं. त्या काळी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छपाई चालायची. सत्तेचाळिसावं पान जुळवून, आवळून, यंत्रावर चढायला तयार झालं, आणि मालकांच्या लक्षात आलं की त्या पानावर एक नाव दोनदा आलंय. प्रूफ मी तपासलेलं. मालक माझ्याकडे नुसते बघत राहिले. दुसऱ्यांदा आलेली ओळ काढली तर तिथे भगदाड पडलं. मास्तर परगावी गेलेले. मालक म्हणाले, "भोक दिसतंय. तीनपर्यंत काहीतरी आणून भर."

घर छापखान्याच्या मागेच होतं. जेवायला गेलो. ही शेंगा सोलत बसली होती. मी म्हटलं, "अगं, मुलाचं एखादं नाव सांग. कुठेच नसलेलं." हिने मान वर केली नाही की हात थांबवला नाही. नाव सांगितलं. जसं काही जिभेवरच ठेवलेलं होतं. मी म्हटलं, "वा! आणि अर्थ?" थोडी थांबली. म्हणाली, "परत येणारा." डोकं काय चालतं बाईचं! शेंगा सोलता सोलता नाव तयार, अर्थ तयार.

पण तेवढ्याने ओळ भरेना. म्हणून पुढे 'दूर जाऊनही' आणि 'घराचा दिवा उजळणारा' हे मी चिकटवलं. मूळ या रकान्यात 'प्राचीन' टाकलं, कारण प्राचीन म्हटलं की कोणी शोधायला जात नाही. तीन वाजता पान यंत्रावर चढलं. माझी चूक झाकली गेली, पगार वाचला.

हिला संध्याकाळी छापलेलं पान कौतुकाने दाखवलं. हिने ते बराच वेळ हातात धरलं आणि परत दिलं. मला वाटलं, हिला काय कळणार छापखान्यातलं.

४ मार्च, गुरुवार

संध्याकाळी जावई आला. सरकारांना हुंगून झाल्यावर त्याने फोन काढला. त्याला कशाचीही खात्री फोनवर करून घ्यावी लागते. जेवताना मीठ कमी आहे की नाही तेवढं अजून फोनवर बघत नाही.

"बाबा, ऐका. अर्थ: दूर जाऊनही परत येणारा, घराचा दिवा उजळणारा. मूळ: प्राचीन." माझेच शब्द, जसेच्या तसे! "लोकप्रियता: मुलांच्या नावांत अकरावा क्रमांक. शुभ रंग निळा. या नावाची मुलं शांत, कष्टाळू असून त्यांच्यात नेतृत्वगुण आढळतात."

"आढळतात?" मी म्हटलं.

"आणि हे बघा, दुसरीकडे लिहिलंय, या नावाचा एक राजा होऊन गेला. युद्धावरून बारा वर्षांनी परत आला म्हणे."

राजाही निघाला! मी एक ओळ लिहिली होती हो, लोकांनी राज्य उभं केलं. लेकीचे डोळे भरून आले. "बघ, बारा!" ती नवऱ्याला म्हणाली. "राजाची बारा वर्षं, याचे बारा दिवस." मी पाणी प्यायला उठलो.

हे असं वाढत गेलंय. पुस्तक स्वस्त होतं, घरोघरी गेलं. सहा-सात वर्षांनी शाळेच्या निकालाच्या यादीत ते नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा हातातलं प्रूफ गळालं होतं. मग एका वर्गात दोन, तीन. मग कोपऱ्यावर दाताच्या डॉक्टरची पाटी लागली. दाढ दुखत असूनही मी दोन वर्षं त्याच्याकडे गेलो नाही. त्याच्या तोंडाकडे कसं बघणार? म्हणजे त्याने माझ्या तोंडाकडे बघायचं, पण तरी.

आता तीच ओळ माझ्या घरात येतेय, माझ्याच नातवाच्या कपाळावर. आणि लेकीला सांगायचं कसं? ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे एक थेंब इकडचा तिकडे चालत नाही, तसंच घरात खोटं चालत नाही. लहानपणी तिचं मांजर गाडीखाली गेलं, तेव्हा मी सांगितलं होतं की ते शेतावर राहायला गेलं. दहाव्या वर्षी तिला खरं कळलं. आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. "मांजर मेल्याचं नाही," म्हणाली होती, "तुम्ही रोज त्याची खुशाली सांगायचात त्याचं!"

जन्मदाखल्यावर नाव घालायचा फॉर्म ३१ तारखेपर्यंत कचेरीत द्यायचाय.

८ मार्च, सोमवार

एक आशा होती. म्हटलं, न जाणो, ते नाव खरंच कुठेतरी असेल. हिच्या कानावर लहानपणी पडलं असेल आणि हिलाही आठवत नसेल. तसं निघालं तर मी सुटलो.

ग्रंथालयात जाऊन सकाळपासून चार जाडजूड कोश उलटले. भिंग लावून. त्या नावाच्या वरचा शब्द आहे, खालचा आहे, ते नाही. बाराच्या सुमारास ग्रंथपाल बाई आल्या. "आजोबा, काय शोधताय एवढं?" मी नाव सांगितलं. बाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

"अय्या, माझ्या धाकट्याचं नाव! प्राचीन आहे ते."

मी कोश मिटला. बाईंनी चहा पाजला, वर धाकट्याचे फोटो दाखवले. दात पडलेला, खट्याळ, शांत अजिबात न दिसणारा पोरगा. छान होता.

११ मार्च, गुरुवार

हिचं मला एक कोडं आहे. भाजी आणायला ही नेमकी सव्वाबाराला बाहेर पडते. सकाळी ताजी भाजी येते, तेव्हा नाही. ऊन डोक्यावर आल्यावर. बरं, भाजीवाला इथे कोपऱ्यावर, पण ही जाते शाळेच्या रस्त्याने वळसा घालून. त्याच वेळी शाळा सुटते, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते, पोरं अंगावर येतात. आणि शाळेला सुट्ट्या लागल्या की हिचं भाजी आणणं बंद! मग मी आणायची. किती वर्षं चाललंय हे. आज म्हटलं, "गुडघा दुखतोय तर मी येतो पिशवी धरायला."

"नको. तुम्ही घरीच थांबा, सरकार उठतील."

"सरकारांची आई आहे की."

"थांबा म्हटलं ना!"

ही एवढ्या जोरात बोलत नाही कधी. थांबलो बापडा.

दुपारी हिने सरकारांसाठी टोपी विणायला घेतली. लोकर नवी आणली नाही. ट्रंकेच्या तळातून एक पिवळा गुंडा काढला, सुयांसकट. अर्धी टोपी आधीच विणलेली होती. "ही कधीची?" म्हटलं. "आहे जुनी," म्हणाली. लेकीच्या वेळची असणार. पण लेकीच्या वेळचं सगळं लाल होतं असं मला आठवतंय. असो. वय झालं, आठवण दगा देते.

१२ मार्च, शुक्रवार

ट्रंक उघडीच होती म्हणून ते पुस्तकही काढलं. एकच प्रत आहे माझ्याकडे, बत्तीस वर्षांत हात लावला नव्हता. हातात घेतलं तर आपोआप सत्तेचाळिसाव्या पानावर उघडलं. बांधणी ढिली झाली असेल. पानाचा कोपराही मळलाय. ट्रंकेत धूळ जाते.

लाल पेन घेतलं आणि ती ओळ सरळ छाटली. नाव, अर्थ, मूळ, तिन्हींवरून रेघ. आमच्या धंद्यात एकदा छाटलं की छाटलं. चुकून छाटलं असेल तरच खाली टिंबं देऊन समासात 'राहू द्या' असं लिहायचं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळतं, मग तो हात लावत नाही. इथे चुकून काही नव्हतं. जरा बरं वाटलं, मग लक्षात आलं की माझी एक प्रत छाटून काय उपयोग. बाहेर शेकड्याने पोरं हिंडतायत.

१५ मार्च, सोमवार

आज पायावर धोंडा पाडून घेतला.

सांगायची छाती होईना म्हणून आडून गेलो. बावीस दुसऱ्या नावांची यादी केली, सुवाच्य अक्षरात, अर्थासकट, सगळी कोशात तपासलेली. लेकीपुढे ठेवली. तिने वाचली, बाजूला ठेवली.

"आमचं ठरलंय बाबा."

"फार झालंय गं ते नाव. अकराव्या क्रमांकावर आहे. वर्गात चार असतील, मास्तरांनी हाक मारली की चौघे उभे राहतील."

"राहू देत."

"आणि प्राचीन म्हणजे काय, पुरावा काय? राजा कुठला, राज्य कुठलं? उगाच कोणीतरी ठोकून दिलेलं असेल!"

तिने सरकारांना खांद्यावर घेतलं. "बाबा, तुम्हाला नाव आवडत नाही की मुलगा?"

मला मुलगा आवडत नाही? माझ्या बोटाला धरून झोपतो तो! मी उठून गॅलरीत गेलो आणि कुंडीतली माती उगीच उकरत बसलो. लेक रडली असावी, नंतर डोळे लाल होते. आणि ही? हिने माझं ताट वाढलं आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. हिचं मी काय घोडं मारलंय?

१७ मार्च, बुधवार

अबोला चालू. दोन्हीकडून.

सरकारांचं वजन वाढलं. डॉक्टरीण बाई खूश होत्या. तिथे त्या काचेच्या पेट्यांच्या खोलीवरून जावं लागलं. आमची ही त्या बारा दिवसांत खोलीसमोरच्या बाकावरून हलली नव्हती. जावयाने किती सांगितलं, "आई, घरी जाऊन पडा थोडं." नाही म्हणजे नाही. नर्स म्हणाली, आजी, तुम्ही बसून काय होणार? तर ही म्हणाली, "मागच्या वेळी मी झोपले होते."

मला वाटलं, दमलीये, काहीही बोलते. आज आठवलं आणि जरा थबकलो. लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. राहिला नाही. ही गुंगीत होती. नर्सने कापडात गुंडाळून नेला, मला म्हणाली, बघू नका, त्रास होईल. मी बघितलं नाही. नाव वगैरे ठेवायचा प्रश्नच नव्हता. घरी आल्यावर मी हिला म्हटलं, आता तो विषय नको. तिनेही कधी काढला नाही. मी म्हणायचो, किती लवकर सावरली.

असो.

२० मार्च, शनिवार

शेवटी ठरवलं. आधी हिला सांगायचं, मग लेकीला. स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

"हे बघ, मी तिला खरं सांगून टाकतो. ते नाव बनावट आहे म्हणून."

"बनावट नाही ते."

"अगं, काय बोलतेस! तूच नाही का त्या दिवशी शेंगा सोलताना—"

"बनावट नाही म्हटलं ना एकदा." हिने गॅस बंद केला. हात पुसले, पिशवी घेतली आणि निघून गेली. साडेदहालाच. आज शाळा अर्धा दिवस असते.

बायकांना आपल्या हातच्या गोष्टीचा अभिमान असतो, असं मनाला सांगितलं. पण मन ऐकेना. चाळीस वर्षं चुका शोधल्यात मी. काहीतरी नजरेतून निसटलंय एवढं मला कळतं. काय ते कळत नाही.

२२ मार्च, सोमवार

आजच लिहून टाकतो.

ही भाजीला गेली आणि पैशांची पुरचुंडी ओट्यावरच विसरली. मी मागोमाग निघालो. भाजीवाल्याकडे नव्हती. तो म्हणाला, "आजी एवढ्यात नाही येत. शाळा सुटल्यावर येतात." शाळेच्या रस्त्याला लागलो. फाटकासमोर, रस्त्याच्या अलीकडे, एक बाक आहे. त्यावर ही बसलेली. रिकामी पिशवी मांडीवर घडी करून, पाठ ताठ. मी हाक मारणार तेवढ्यात घंटा झाली.

फाटक उघडलं. आया, आज्या, आजोबा पुढे सरले आणि हाकांचा एकच गलका झाला. त्या गलक्यात ते नाव आलं. एका बाईने मारलेली हाक. एक पोरगं दप्तर हलवत धावत आलं आणि तिच्या पोटावर आदळलं. मग दुसरीकडून तेच नाव, जाड आवाजात. दुसरं पोरगं धावलं. मी हिच्याकडे बघितलं. दर हाकेला हिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. पोरगं येऊन पोहोचलं की ही मान हलवायची आणि परत फाटकाकडे बघायची.

मग मला कळलं. बत्तीस वर्षं डोळ्यासमोर होतं. प्रूफ तपासणारा म्हणवतो मी स्वतःला!

जाऊन शेजारी बसलो. ही दचकली नाही. पुरचुंडी हातात दिली तर म्हणाली, "राहिली होय?" आणि पिशवीत टाकली.

"त्याचं नाव होतं?" मी विचारलं.

"हं."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही म्हणालात, विषय नको."

मी म्हणालो होतो. अगदी त्याच शब्दांत.

मग ती आपणहून बोलायला लागली, फाटकाकडे बघत. पोटात होता तेव्हापासून ती त्याला त्याच नावाने बोलवायची. कुठून आलं माहीत नाही, एक दिवस तोंडात आलं. तो गेल्यावर मनातल्या मनात म्हणायची, मोठ्याने म्हणायला कोणी नव्हतं. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि तोंडातून निघून गेलं. मग पान आणून दाखवलंत. वाटलं, फाडून टाकावं. मग वाटलं, असू दे. कुठेतरी लिहिलेलं तरी असू दे. दाखला नाही, फोटो नाही, काहीच नव्हतं हो त्याचं."

"आणि इथे?"

"लेकीला शाळेत घालायच्या वेळी आले होते. उभी होते, आणि मागून कोणीतरी त्याला हाक मारली." इथे तिचा आवाज फाटला, पण रडली नाही. "आणि तो धावत आला. तुम्हाला सांगते, खरंच धावत आला. तेव्हापासून येते. कोणाचा का असेना, हाक मारली की येतो. आज चौघे आले."

मी रडलो. भर रस्त्यात, भर दुपारी. समोरून एक पोरगं माझ्याकडे टक लावून बघत गेलं. हिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चला आता, भाजी संपेल."

२३ मार्च, मंगळवार

हिला विचारलं, मग घरात हे नाव ठेवायचं ठरल्यावर तू पातेलं का घासत बसलीस? तुला नको आहे का?

म्हणाली, "हवंय की नको तेच कळत नव्हतं. बाहेर ऐकते ते सोपं आहे. घरात रोज हाक मारायची म्हणजे... आणि तुम्ही त्याला नावं ठेवत सुटलात. ठोकून दिलेलं, बनावट. माझ्या तोंडावर."

मी हात जोडले. म्हणाली, "पुरे आता नाटक."

पण लेकीला खरं सांगायचं, हे दोघांचं ठरलं. ती नको म्हणाली तर नको. मग बावीस नावांची यादी आहेच.

२५ मार्च, गुरुवार

सांगितलं. जावई होता, लेक होती, सरकार पाळण्यात हात झाडत होते. मी उभं राहून सांगितलं, मालकांसमोर उभा राहायचो तसा. राजा नाही, राज्य नाही, प्राचीन नाही. पानावर भोक होतं म्हणून मी घातलेली ओळ. 'घराचा दिवा' तर निव्वळ लांबी वाढवायला. जावयाने फोन काढला आणि परत खिशात घातला. मी म्हटलं, "आणि नाव माझं नाही. नाव हिने दिलं. ते कुठून आलं, ते हीच सांगेल."

हिने सांगितलं. बाकावर बोलली होती त्याहून थोडक्यात. मुलगा झाला होता हे लेकीला माहीत होतं. त्याला नाव होतं, हे माहीत नव्हतं. हिचं सांगून झालं तशी लेकीने पाळण्याची दोरी हातातून सोडली. मला मांजर आठवलं. आठ दिवसांचा अबोला परवडला, हे त्याहून वाईट वाटत होतं.

मग लेक उठून आईच्या पायाशी जाऊन बसली. "आई," म्हणाली, "ते दादाचं आहे. मी घेऊ का?"

दादा! घरात कोणी त्याला काही म्हटलंच नव्हतं आजवर.

ही म्हणाली, "अगं, सगळ्या शहरात वाटून झालं. आपल्याच घरात तेवढं नव्हतं. घे."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. जावई नाक शिंकरायला मोरीत गेला, त्याला वाटलं कोणाला कळलं नाही. मी तसाच उभा. लेकीने डोळे पुसत माझ्याकडे बघितलं.

"बाबा, आता अजून काही उरलंय का सांगायचं? मांजराबद्दल वगैरे?"

"मांजराचं सगळं सांगून झालंय."

"मग बसा की. उभे काय राहिलात?"

बसलो. गेल्या चार आठवड्यांत एवढं निवांत बसलो नव्हतो.

३१ मार्च, बुधवार

शेवटच्या दिवशी गेलो, कारण जावई सहीच विसरला होता. फॉर्म मी चार वेळा तपासला. एकही चूक नाही. खिडकीतल्या कारकुनाने वाचला आणि म्हणाला, "आणखी एक! या महिन्यातला सातवा. काय आहे हो एवढं या नावात? अर्थ काय?"

मी हिच्याकडे बघितलं. हिने पिशवी सावरली आणि सांगितलं, "परत येणारा." तेवढंच. माझी भर गाळून. कारकून म्हणाला, "वा, छान आहे," आणि शिक्का मारला.

घरी येऊन ट्रंकेतून पुस्तक काढलं. ते आपोआप सत्तेचाळीसवर उघडलं, आणि या वेळी मी बांधणीला दोष दिला नाही. मळलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बरोबर तिथेच तिचा अंगठा येतो. मग लाल पेन घेतलं. माझ्या रेघेखाली, नावाखाली आणि अर्थाखाली, एकेक टिंब देत गेलो. 'घराचा दिवा' छाटलेलाच ठेवणार होतो, पण लेकीला तो आवडतो, त्यालाही टिंबं दिली. समासात लिहिलं, 'राहू द्या.' मूळ या रकान्यात 'प्राचीन' होतं तिथे मात्र टिंबं दिली नाहीत. शेजारी दुरुस्ती लिहिली: 'आई.' माझ्या हातून झालेली ही बत्तीस वर्षांतली पहिली खरी दुरुस्ती.

हे लिहीत असतानाच आतून हाक आली. हिचीच. पहिल्यांदा हळू, मग घसा साफ करून मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल अशी. मी लेखणी ठेवून दारात गेलो. पिवळी टोपी घातलेल्या सरकारांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि डोळे मोठे केले. ही परत हाक मारून बघत होती, परत, परत, आणि हसत होती.

धावत यायला अजून वर्ष-दीड वर्ष आहे. आम्ही थांबू.